पुस्तिकेप्रमाणे नाही

मी लिंडसे ट्रेव्हेला. वय अडुसष्ट, पाणीपुरवठा खात्यातून सन्मानाने निवृत्त. जन्मात कोणाच्या ब्रँडीला मी हात लावलेला नाही. तरीही यंदा यारंबीच्या शेतकी प्रदर्शनात तेरा बायकांच्या केकमधली ब्रँडी नाहीशी झाली, आणि ती माझ्यामुळे झाली. मला फक्त अक्षर मोठं करायला सांगितलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या प्रदर्शनाला एकशे सात वर्षं झाली. गायी असतात, मेंढ्या असतात, ओंडके तोडायची शर्यत असते. पण खरी लढाई हॉलमधल्या टेबलांवर होते. तिथे जाम, लोणची, स्कोन नावाचे छोटे गोल पाव, स्पंज केक यांचा निकाल लागतो, आणि सगळ्यांच्या वर सुक्या मेव्याचा केक. या केकची कृती प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेनेच महायुद्धाच्या आधी ठरवून दिलेली आहे, आणि ती दरवर्षी नियमपुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर छापतात. सगळ्यांनी तोच केक करायचा. यादीत नसलेला एक जिन्नस जरी पडला तरी परीक्षक ताटलीवर पांढरं कार्ड ठेवतात. त्यावर लिहिलेलं असतं, 'पुस्तिकेप्रमाणे नाही.' आमच्या गावात माणसाचं दिवाळं निघालं तरी लोक सांभाळून घेतात. पण पांढरं कार्ड मिळालेल्या घरी महिनाभर कोणी चहाला जात नाही.

माझी बायको मर्ल या केकमध्ये ओळीने अकरा वर्षं दुसरी आली. पहिली दरवर्षी ऑड्री हॅलोरन. मर्लच्या अकरा लाल रिबिनी सुईदोऱ्याच्या डब्यात, खालच्या कप्प्यात, बटणांच्या खाली ठेवलेल्या आहेत. यंदा तिने जाहीर केलं होतं, "आता मनगटं भरून येतात माझी. यंदा पहिल्या नंबरची निळी रिबीन आली तर आली, नाहीतर केकचा साचा चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकणार. बारावी लाल रिबीन या घरात येणार नाही." मर्ल बोलते ते करते. म्हणजे यंदा गेली तर कायमची गेली, हे मला माहीत होतं.

त्याच वर्षी नियमपुस्तिका माझ्या गळ्यात पडली. ती एकतीस वर्षं डल्सी फॅरंट नावाच्या बाईंनी केली. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. आता त्या ब्याऐंशीच्या झाल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा त्यांनी फाइल माझ्या हवाली केली आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "पोरा, काय करायचं ते कर, पण चौकटींना धक्का लावू नकोस. दोनशे चौदा चौकटी आहेत. एकेक मी मापून काढलीय. आत जेवढं मावायचं तेवढंच मावतं."

"तुम्ही काळजी करू नका, डल्सीबाई," मी म्हणालो. अडुसष्टाव्या वर्षी कोणी पोरा म्हटलं की माणूस जरा जास्तच आत्मविश्वासाने बोलतो.

मग समिती बसली. म्हाताऱ्या सभासदांची तक्रार होती की अक्षर बारीक आहे. अक्षर दहाचं होतं, ते बाराचं करावं असा ठराव आला. त्यावर अकराची उपसूचना आली, आणि उपसूचनेवर साडेअकराची दुरुस्ती आली. तीन बैठका झाल्या. अध्यक्ष गॉर्डन टिब्स यांचा दुधाचा धंदा आहे, त्यांना पहाटे साडेचारला उठायचं असतं. तिसऱ्या बैठकीत ते म्हणाले, "बारा करा आणि मला घरी सोडा." ठराव एकमताने मंजूर झाला.

मी कामाला लागलो. सगळ्यात आधी शेवटचं पान केलं, कारण पुस्तिकेतलं तेवढंच पान माझं स्वतःचं होतं. तिथे एक छोटी चौकट आखून मी आभार लिहिले. त्यातली शेवटची ओळ जमवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ती मर्लला छापल्यावरच दिसावी म्हणून मी कोणाला दाखवली नाही. मग पहिल्या पानावर येऊन एकेका चौकटीतलं अक्षर मोठं करायला घेतलं. सतरा चौकटी झाल्या तेव्हा कुंपणापलीकडून नेव्ह पार्गिटर आला.

नेव्ह हा माझा शेजारी. आयुष्यभर त्याने मेंढ्यांची औषधं विकली. एकदा हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबचं दोन पानी पत्रक काढलं, तेव्हापासून तो स्वतःला छापखान्याचा जावई समजतो.

"हे काय चाललंय?" त्याने बिस्किटाच्या डब्यात हात घालत विचारलं.

"अक्षर मोठं करतोय. सतरा झाल्या."

"आणि आहेत किती?"

"दोनशे चौदा."

"अरे बाबा, या गतीने पुस्तिका तुझ्या अंत्ययात्रेत वाटावी लागेल. डिफॉल्ट स्टाइल बदल ना! बाकीच्या सगळ्या स्टाइली तिच्या पोटच्या. आईला जाड केलं की पिल्लं आपोआप जाड होतात. मेंढ्यांत तसंच असतं."

मेंढ्यांत खरंच तसं असतं का, हे मी त्याच वेळी विचारायला हवं होतं. डिफॉल्ट म्हणजे काय, तर आपण काहीच सांगितलं नाही तर जे होतं ते. संसारात त्यालाच सवय म्हणतात, आणि ती एका झटक्यात बदलायला जाऊ नये हे लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हरकत नव्हती. पण नेव्ह मागे उभा होता, त्याच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला होता, आणि मला त्याच्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं. मी पानावर काहीही न निवडता डिफॉल्ट स्टाइल उघडली, दहाचं बारा केलं आणि बटण दाबलं.

अख्खं पुस्तक एका दमात फुगलं. अठ्ठेचाळीस पानं, दोनशे चौदा चौकटी, सगळीकडे टपोरी अक्षरं. मी आनंदाने नेव्हचा हात दाबला. तेवढ्यात मला दिसलं की बऱ्याच चौकटींच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक लाल अधिकचं चिन्ह आलंय.

"हे काय असावं?" मी विचारलं.

"अक्षर वाढवलंस ना? मग अधिकचंच चिन्ह येणार," नेव्ह म्हणाला. "कमी केलं असतंस तर उणे आलं असतं."

हे मला इतकं पटलं की मी ती चिन्हं मोजली. एकशे बारा होती. शाळेत माझ्या गणिताच्या वहीतही लाल खुणा पुष्कळ असायच्या, पण अधिकच्या नसायच्या.

दोन दिवसांनी छापखान्यातून एका मुलीचा फोन आला. "मिस्टर ट्रेव्हेला, तुमच्या फाइलमध्ये एकशे बारा सूचना दाखवतंय."

"माहीत आहे. त्या मीच केल्यात."

"नक्की ना? छापू?"

"बाईसाहेब," मी म्हणालो, "पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं मी सूचनाच काढल्या आहेत." तिने छापलं. त्या मुलीला मी आजही दोष देत नाही.

पहिली प्रत समितीपुढे मंजुरीला गेली. अक्षराच्या आकारावर तीन बैठका घालवणाऱ्या समितीने ती चार मिनिटांत पास केली. टिब्सनी आपलं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं, बाकीच्यांनी मुखपृष्ठावरची गाय कोणाची यावर वाद घातला. पुस्तिका घरोघर गेली, आणि मग एक चमत्कार झाला. कोणाचा फोनच आला नाही. डल्सीबाईंच्या काळात पुस्तिका निघाली की आठवडाभर त्यांचा फोन वाजायचा. काकड्या सोलायच्या की नाही, बाटलीचं झाकण सोनेरी चालेल का. यंदा सहा आठवडे सगळीकडे शांतता होती. मी समजलो की माझं काम इतकं स्पष्ट झालंय की कोणाला काही विचारावंच लागत नाही. हे मी दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवलं.

घरातही शांतताच होती, पण ती वेगळी होती. पुस्तिका आली त्या संध्याकाळपासून मर्ल माझ्याशी मोजकं बोलत होती. चहा मिळायचा, बिस्किट मिळायचं नाही. शेवटचं पान वाचून ती काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो, पण ती त्या विषयाला शिवलीच नाही. केकचं दडपण असेल, असं मी स्वतःला समजावलं. प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी तिने केक केला, कागदात गुंडाळला आणि कपड्यांच्या कपाटात ठेवला. माझी पायजम्याची जोडी अजून ब्रँडीच्या वासाची आहे.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मी नवा टाय लावून, पुस्तिका काखेत मारून हॉलकडे निघालो, आणि दारातच थबकलो. कारण दारच नव्हतं. दोन माणसं चौकट उचकटत होती आणि समोर ट्रॅक्टरवर एक भोपळा बसला होता. भोपळा म्हणजे लहान गाडीएवढा.

"अहो, हा एका माणसाने उचलून आणायचा असतो!" मी ओरडलो.

"पुस्तिकेत कुठे लिहिलंय?" भोपळेवाला म्हणाला आणि पुस्तिका माझ्या नाकासमोर धरली. तिथे लिहिलं होतं, 'सर्वात मोठा भोपळा.' त्याखाली डल्सीबाईंची एक ओळ असायची. ती नव्हती.

आत गेलो तर स्कोनच्या टेबलावर सहा स्कोन सहा टोप्यांएवढे मांडले होते. 'सहा स्कोन, साधे', त्याखालची 'चहाच्या बशीत मावतील एवढे' ही ओळ गायब. पुढे सजवलेल्या पाळीव प्राण्यांच्या विभागात मुलांच्या ससे-मांजरांच्या रांगेत एक भलामोठा मेंढा उभा होता, मालकिणीच्या लग्नातली झालरीची टोपी घालून. त्याची दोरी नेव्हच्या हातात होती.

"नेव्ह! हा विभाग मांजराएवढ्या प्राण्यांचा आहे!"

"होता," नेव्ह म्हणाला. "यंदा तुम्ही लोकांनी उठवलंत ना ते बंधन. मी बरोबर हेरलं. कोणाला बोललो नाही बरं का, म्हटलं बाकीच्यांना कळायला नको."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोन का आले नाहीत ते कळलं. प्रत्येकाला वाटलं होतं की नियम बदललाय आणि तो बदल आपल्या एकट्याच्याच नजरेला आलाय. आमच्याकडे पुस्तिकेत काही चुकलं असेल अशी शंका कोणाला येत नाही. पुस्तिकेत आहे म्हणजे ते आहे, नाही म्हणजे नाही. सहाशे प्रवेशिकांचे मालक सहा आठवडे तोंडाला कुलूप लावून बसले होते.

मी धावतच केकच्या टेबलाशी गेलो. परीक्षक मिसेस ग्विनेथ पास्को शेजारच्या जिल्ह्यातून आल्या होत्या. आमच्याकडे परीक्षक नेहमी बाहेरगावचाच, म्हणजे निकालानंतर त्याला घरी सुखरूप जाता येतं. पांढरा कोट, हातात सुरी, समोर चौदा केक. त्या एकेक केक कापत होत्या, हुंगत होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. तेरा केकना कसलाच वास नव्हता.

पुस्तिकेचं एकतिसावं पान उघडायला माझा हात धजेना. तरी उघडलं. मनुका, बेदाणे, चेरी, लोणी, साखर, अंडी, मैदा, मसाला, आणि बस्स. शेवटची ओळ ब्रँडीची असते. ती नव्हती. शेजारच्या चौकटीत मात्र 'फळं आदल्या दिवशी भिजवून ठेवावीत' हे शाबूत होतं. कशात, ते देव जाणे. आणि सगळ्यात वर ठसठशीत अक्षरात होतं, 'यादीबाहेरचा जिन्नस घातल्यास केक बाद.'

गेल्या वर्षी वार्षिक सभेत ऑड्रीच्या ब्रँडीवरून भांडण झालं होतं. दोन टेबलं पलीकडची काकडीची बाटलीही झिंगली होती, असं कोणीतरी म्हणालं होतं. त्यामुळे ओळ गेलेली पाहून तेराही जणींना वाटलं की समितीने ब्रँडी बंद केली. कोणी फळं थंड चहात भिजवली होती, कोणी सफरचंदाच्या रसात; भट्टीत त्याचा वास उडून गेला, म्हणून त्या पकडल्या गेल्या नाहीत. ऑड्रीने चहासुद्धा यादीत नाही म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवली होती. तिच्या केकमध्ये सुरी अर्ध्यावर अडकली आणि मिसेस पास्कोंना दुसरा हात लावावा लागला.

मग त्या चौदाव्या केककडे आल्या. सुरी लोण्यात जावी तशी गेली. एकदम वास दरवळला. मिसेस पास्कोंनी डोळे मिटले. तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, आणि नियम असा की परीक्षकाने एकच घास खायचा, पण त्यांनी अख्खा तुकडा खाल्ला. शेवटी सुस्कारा सोडून खिशातून पांढरं कार्ड काढलं आणि त्या ताटलीवर ठेवलं.

सहाशे प्रवेशिकांमध्ये पांढरं कार्ड एकच होतं, आणि ते माझ्या बायकोच्या केकवर होतं.

"बाई, थांबा!" मी म्हणालो. "चूक तिची नाही, माझी आहे. ब्रँडी यादीत असते. ती माझ्याकडून राहिली."

"असेल हो," त्या अगदी दुःखाने म्हणाल्या. "सगळ्या हॉलमध्ये केक म्हणावा असा हा एकच आहे. पण मी पुस्तिकेला बांधलेली आहे." आणि त्यांनी निळी रिबीन उकळलेल्या पाण्यावर, म्हणजे पुस्तिकेला तंतोतंत धरून केलेल्या ऑड्रीच्या केकवर ठेवली.

मी टिब्सना गाठलं. मेंढ्यांच्या शेडमध्ये उभ्या-उभ्या तातडीची बैठक झाली. डल्सीबाईंना खुर्ची दिली. त्यांनी भिंग लावून पान पाहिलं आणि विचारलं, "पोरा, चौकटीच्या कोपऱ्यात लाल खूण आली होती?"

"आली होती. एकशे बारा."

"अरे देवा! ओळी कुठे गेल्या नाहीत रे. त्या चौकटीच्या खाली बसल्यात. लाल खूण म्हणजे आत गर्दी झाली, शेवटचे बाहेर राहिले. खालची कड नुसती ओढली असतीस तरी वर आल्या असत्या."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणालो, "अध्यक्ष, मी हॉलमध्ये उभा राहून सगळ्यांसमोर चूक कबूल करतो. केकचा निकाल रद्द करा."

"वेडा आहेस का?" टिब्स कडाडले. "एक निकाल रद्द केला की सहाशे रद्द करावे लागतील. तो भोपळा आत आलाय, तो बाहेर कसा काढायचा तेच कळत नाहीये. चूक-बीक काही झालेली नाही. समितीने विचारपूर्वक ब्रँडी वगळली. लिहून घ्या."

"कधी वगळली?" चिटणीसांनी विचारलं.

"मागच्या बैठकीत. मी घरी गेल्यावर."

ठराव इतिवृत्तात गेला. सूचक म्हणून नेव्हचं नाव पडलं; त्याच्या मेंढ्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं, तो कशालाही हात वर करायला तयार होता. पाणीपुरवठा खात्यात मी पुष्कळ पाहिलं, पण चूक कबूल करायलाही परवानगी मिळू नये हा धक्का मला नवीन होता.

हॉलमध्ये मर्ल आपल्या ताटलीसमोर उभी होती. तिने ते कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पर्समध्ये ठेवलं. केक डब्यात भरला.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. डिफॉल्ट, मेंढीची पिल्लं, लाल चिन्हं, सगळं. "पण मर्ल," शेवटी माझ्या तोंडून गेलंच, "गावातल्या सगळ्या बायकांनी माझी पुस्तिका ओळन् ओळ वाचली. एक तूच वाचली नाहीस! एकतिसावं पान उघडलं असतंस तर पहिल्याच दिवशी चूक सापडली असती."

"मी शेवटचं पान उघडलं होतं," ती म्हणाली. "त्यानंतर मिटून ठेवली ती ठेवलीच."

"का?"

तिने ड्रॉवरमधून पुस्तिका काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढे टाकलं. "वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. "'आभार: एकतीस वर्षं ही पुस्तिका सांभाळणाऱ्या डल्सी फॅरंट यांचे, छापखान्याचे, शेजारी नेव्ह पार्गिटर यांचे, त्यांनी दिलेल्या प्रिंटरचे,'" आणि तिथे थांबलो. पुढे काहीच नव्हतं.

"प्रिंटरचे!" मर्ल म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं संसार केला मी. तीन महिने तू त्या खोलीत बसलास, चहा मी आणून दिला, त्या तुमच्या अकरा आणि साडेअकरा मी ऐकून घेतल्या. आणि आभार कोणाचे, तर नेव्हच्या प्रिंटरचे! सहा आठवडे मला ते पान डोळ्यासमोर दिसतंय."

मी उठलो. तिचा हात धरून तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, फाइल उघडली आणि शेवटच्या पानावर गेलो. चौकटीच्या कोपऱ्यात लाल चिन्ह होतं. खालची कड माझ्या हातून दोनदा सुटली. तिसऱ्यांदा धरून ओढली, आणि ओळ वर आली.

'आणि माझी पत्नी मर्ल हिचे. तिचा केक अकरा वर्षं दुसरा येतो, पण त्याचा पहिला तुकडा मला मिळतो.'

मर्लने चष्मा लावला. ओळ वाचली. मग तिने नाक पुसलं.

"बरं झालं छापून नाही आलं ते," ती म्हणाली. "ऑड्रीने तक्रार केली असती. नियमपुस्तिकेत बायकोच्या केकची जाहिरात!"

ती स्वयंपाकघरात गेली. किटली ठेवल्याचा आवाज आला, मग डबा उघडल्याचा. मी तिथेच बसून राहिलो, आत जायचा धीर होईना. थोड्या वेळाने तिने माझ्यासमोर बशी ठेवली. बशीत केक होता, आणि केकला टेकवून ते पांढरं कार्ड उभं केलेलं होतं.

"पहिला तुकडा परीक्षकबाईंनी खाल्ला," मर्ल म्हणाली. "यंदा तू दुसरा. खा मुकाट्याने."